ठोके ताळ्यावर आले, तरी गोळ्या चालूच ठेवायच्या का?

दवबिंदू
नमस्कार. आईसाठी विचारते आहे. वय ६८, रक्तदाबाची गोळी दहा-अकरा वर्षांपासून चालू. सहा आठवड्यांपूर्वी पहाटे तिला छातीत पाखरू अडकल्यासारखी फडफड सुरू झाली आणि बसल्या जागी दम लागायला लागला. ईसीजी काढला तर एट्रिअल फिब्रिलेशन (ए-फिब), म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बिघडलेली लय. ठोके मिनिटाला १४८, आणि एका ठोक्याचा दुसऱ्याशी मेळ नाही. तीन दिवस दाखल होती. टूडी इको चांगला आहे, झडपा ठीक, थायरॉइड ठीक. घरी येताना जुन्या गोळीच्या जोडीला तीन नव्या आल्या: मेटोप्रोलॉल, अमिओडेरोन आणि अपिक्साबान.

आता नाडी ७२ आहे, एकसारखी. आई म्हणते, "मी बरी झाले ना? मग हे एवढं सगळं कशासाठी गिळायचं?" दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, दंडावर काळेनिळे डाग पडतात, त्यामुळे अपिक्साबानवर तिचा विशेष राग. परवा चादर बदलताना उशीच्या अभ्र्यात चार गोळ्या सापडल्या. चार दिवस ती संध्याकाळची गोळी घेतच नव्हती. मी खूप बोलले तिला. मग दोघीही रडलो.

डॉक्टरांची भेट बारा दिवसांनी आहे. तोवर तिला पटेल असं काहीतरी मला सांगता आलं पाहिजे. "डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून" हे तिला चालत नाही. चौतीस वर्षं शाळेत शिकवलंय तिने, कारण कळल्याशिवाय ती कुठलीच गोष्ट मानत नाही.

उंबरठा
भेट बारा दिवसांनी असली तरी फोन आजच करा. चार दिवस रोजचा एक डोस चुकला आहे आणि हिरड्यांतून रक्त येतं आहे, या दोन्ही गोष्टी त्यांना कळायला हव्यात. तोवर अपिक्साबान बंद करू नका. बाकी चर्चा सावकाश होईल.

शुक्रतारा
वाचते आहे. सासूबाईंचं अगदी हेच चाललंय.

पारवा
मी डॉक्टर नाही. एकोणीस वर्षं ईसीजी, हॉल्टर (अंगावर दिवसभर लावून ठेवायचा ईसीजी) आणि ताणचाचणी करणारा तंत्रज्ञ आहे, तेव्हा गोळ्या कमी-जास्त करण्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. पण "कशासाठी" याचं उत्तर देता येईल. आई शिक्षिका आहेत, तर वर्गाचंच उदाहरण घेऊ.

बाई टेबलावर छडी आपटतात आणि सगळा वर्ग एका सुरात पाढा म्हणतो, हे निरोगी हृदय. ती छडी म्हणजे उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातली सायनस नोड. विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० वेळा आपटते. ए-फिबमध्ये प्रत्येक पोर आपापला पाढा ओरडायला लागतं, वरच्या कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० लहरी उसळतात. हा गोंगाट जसाच्या तसा खालच्या कप्प्यांत गेला तर माणूस जगणार नाही. मध्ये दारावर एक शिपाई उभा असतो, एव्ही नोड. तो निवडक लहरीच खाली सोडतो. आईंचे १४८ ठोके म्हणजे शिपायाच्या हातून सुटलेले तेवढे.

मेटोप्रोलॉल शिपायाला कडक करतं, म्हणजे गोंधळ परत झालाच तरी ठोके १५० ला जात नाहीत. अमिओडेरोन पोरांना जागेवर बसवून ठेवतं. आणि अपिक्साबानचा ठोक्यांशी काडीचाही संबंध नाही. वरचे कप्पे नुसते थरथरतात तेव्हा रक्त पुढे ढकललं जात नाही. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा एक खिसा असतो, त्यात ते साचतं आणि गोठतं. ती गुठळी सुटली की रक्ताबरोबर बहुतेक वेळा मेंदूकडेच जाते. ए-फिब असलेल्या माणसाला स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट असतो. अपिक्साबान त्या गुठळीसाठी आहे.

त्यामुळे "नाडी ७२ आहे, मग ही गोळी कशाला" या प्रश्नात दोन वेगळी खाती एकत्र झाली आहेत. नाडीवरून अपिक्साबानची गरज ठरत नाही.

दवबिंदू
पारवा, हे मी तिला शब्दशः वाचून दाखवलं. शिपाई आवडला. पण तिचा पुढचा प्रश्न तयार आहे: "आता वर्ग शांत आहे. रक्त साचतच नाही. मग?"

उंबरठा, फोन केला. गोळी नेमाने चालू ठेवा, दुप्पट करू नका, आणि उद्या हिमोग्लोबिन व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) करून घ्या म्हणाले.

पारवा
बाईंचा प्रश्न रास्त आहे. वर्ग शांत आहे हे आपल्याला कुणी सांगितलं? आईंना पहिल्या झटक्यात फडफड जाणवली, पण ए-फिबचे कितीतरी झटके जाणवतच नाहीत. हॉल्टरच्या पट्टीवर मी तासन्‌तास चाललेलं ए-फिब पाहिलंय आणि रुग्णाच्या डायरीत त्याच वेळेसमोर "काही त्रास नाही, झोपलो होतो" असं लिहिलेलं असतं.

पिंपळपान
याच प्रश्नावर एक मोठा अभ्यास आहे, अफर्म नावाचा, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला. ४,०६० रुग्ण होते. अर्ध्यांना लय सुधारण्याची औषधं, उरलेल्यांना फक्त गती ताब्यात ठेवणारी. अपेक्षा अशी की लय सुधारलेले जास्त जगतील. तसं झालं नाही. आणि दवबिंदू, तुमच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तपशिलात आहे: दोन्ही गटांत ज्यांना स्ट्रोक आला, त्यांतल्या बहुतेकांनी वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करणारं जुनं औषध, थांबवलं होतं किंवा त्यांचं रक्त पुरेसं पातळ नव्हतं. लय जागेवर आली म्हणून गोळी सोडली आणि फसले.

गोळी कुणाला द्यायची हे आज लय आहे की नाही यावरून ठरत नाही, माणसाच्या एकूण धोक्यावरून ठरतं. त्यासाठी गुण मोजतात, चाड्स-व्हास्क म्हणतात. वय ६५ ते ७४ असेल तर एक, ७५ पासून पुढे दोन, रक्तदाब एक, मधुमेह एक, हृदय कमजोर असेल तर एक, रक्तवाहिन्यांचा आजार एक, पूर्वी स्ट्रोक येऊन गेला असेल तर दोन. स्त्री असण्याचाही एक गुण असे, तो २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी काढून टाकला. तो सोडूनही आईंचे दोन होतात, आणि दोनला गोळीची शिफारस स्पष्ट आहे.

एक पुस्तीही जोडतो. अफर्मवरून "लय सुधारणं व्यर्थ" असा निष्कर्ष काढू नका. २०२० च्या ईस्ट-आफनेट अभ्यासात, निदान होऊन वर्षही झालेलं नाही अशा रुग्णांत लवकर लय सुधारण्याचा फायदा दिसला. आईंचं निदान ताजं आहे, म्हणून त्यांना अमिओडेरोन दिलं असावं.

आडवाटेने
मला हे सगळं जरा अति वाटतं. माझे वडील आठ वर्षांपासून ए-फिबसाठी फक्त अ‍ॅस्पिरिन घेतात. रक्त पातळ होतंच की त्याने. हिरड्यांतून रक्त येत नाही, डाग पडत नाहीत. साधं औषध असताना जबर औषध कशाला?

पिंपळपान
आडवाटेने, वडिलांच्या डॉक्टरांना हे लवकर विचारा, कळकळीने सांगतो. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट्सना चिकटू देत नाही, ते रोहिणीतल्या गुठळीसाठी. साचलेल्या रक्तात होणारी गुठळी वेगळ्या वाटेने तयार होते, तिथे अ‍ॅस्पिरिन फारसं उपयोगी पडत नाही. २०११ साली अ‍ॅव्हेरोज अभ्यासात हीच जोडी समोरासमोर ठेवली होती, अपिक्साबान आणि अ‍ॅस्पिरिन. वर्षाला अ‍ॅस्पिरिनवाल्यांत ३.७ टक्के लोकांना स्ट्रोक किंवा तशी गुठळी, अपिक्साबानवाल्यांत १.६ टक्के. मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखा. फरक इतका ठळक की अभ्यास वेळेआधीच थांबवला.

म्हणजे अ‍ॅस्पिरिनला तुम्ही सौम्य समजता, पण रक्तस्रावाचा धोका जवळपास तेवढाच आणि स्ट्रोक दुपटीहून जास्त.

आडवाटेने
हे मला माहीत नव्हतं. आठ वर्षांत कुणी बदलूया म्हणालं नाही. या आठवड्यातच दाखवतो.

शेवंती
रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर माझा हक्क सगळ्यांत जुना असावा. एकवीस वर्षं वॉरफरिन. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला, त्याने मायट्रल झडप अरुंद झाली आणि तिशीत ए-फिब लागलं. दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, २ ते ३ च्या मध्ये ठेवायचा.

नवीन गोळ्या आल्या तेव्हा मला वाटलं, सुटले सुया टोचून घेण्यातून. पण माझ्यासारखी अरुंद झालेली झडप किंवा धातूची कृत्रिम झडप असेल तर अजूनही वॉरफरिनच. २०२२ साली इन्व्हिक्टस अभ्यासात संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या ए-फिबच्या रुग्णांना रिव्हरॉक्साबान (अपिक्साबानच्याच जातीचं नवं औषध) देऊन पाहिलं, तर वॉरफरिनच्या जातीची जुनी औषधंच सरस ठरली, मृत्यूही त्यांत कमी. तेव्हापासून महिन्याची सुई मला टोचेनाशी झाली.

दवबिंदू, आईंना सांगा की हिरड्यांचं रक्त मलाही पहिल्या वर्षी यायचं. दंतवैद्यांनी दात साफ करून दिले, मऊ ब्रश दिला, थांबलं. हिरड्या आधीच सुजलेल्या होत्या, गोळीने ते उघड केलं इतकंच. घाबरायचं ते कशाला, तेही सांगते: काळी डांबरासारखी शौचाला होणं, लघवीतून रक्त, डोक्यावर मार लागणं. अशा वेळी तडक दवाखाना. अंगदुखीला आपल्या मनाने आयबुप्रोफेनसारखी गोळी घ्यायची नाही, रक्तस्राव वाढतो.

अनुस्वार
शेवंतीताई, तुमच्या वॉरफरिनची जन्मकथा ऐकलीय का? १९२० च्या दशकात अमेरिकेत आणि कॅनडात बुरशी लागलेला गवताचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधलं. त्याच कुळातलं वॉरफरिन १९४८ मध्ये आधी उंदरांचं विष म्हणून विकायला आलं, आणि १९५४ मध्ये माणसांसाठी औषध म्हणून मान्य झालं. 'वॉरफ' हा त्या विद्यापीठाच्या संशोधन प्रतिष्ठानाचा संक्षेप आहे.

शेवंती
एकवीस वर्षं घेतेय आणि हे आज कळलं! नवऱ्याला उंदरांचा भाग सांगणार नाही, तो गोळीची डबी वरच्या फळीवर ठेवील.

गारवा
माझं प्रकरण ए-फिबचं नाही, पण लयीचंच. सत्ताविसाव्या वर्षी बसमध्ये उभी असताना एकदम ठोके २१० वर. जसा दिवा लावावा तसे सुरू झाले. एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून एकाएकी उसळणारी वेगवान लय. तातडीच्या विभागात आधी त्यांनी मला रिकाम्या सिरिंजमध्ये जोरात फुंकायला लावलं, पंधरा सेकंद, दट्ट्या जेमतेम हलेल इतकं. फुंकून झाल्याबरोबर पाठीवर आडवं करून पाय वर उचलून धरले. २०१५ च्या एका अभ्यासात या सुधारित पद्धतीने ४३ टक्के लोकांचे ठोके जागेवर आले, नुसतं बसून फुंकणाऱ्यांत १७ टक्के. मी त्या ४३ मध्ये नव्हते.

मग अ‍ॅडेनोसिन. नर्सने हात धरला आणि सांगितलं, "आता दहा सेकंद फार वाईट वाटेल, मी इथेच आहे." हे सांगितल्याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी आहे. छातीवर कुणीतरी बसलं, तोंड तापलं आणि आतून अगदी ठामपणे वाटलं की आपण मरतोय. पडद्यावर क्षणभर सरळ रेष. मग टक, टक, टक. ८८. त्या औषधाचं रक्तातलं अर्धायुष्य दहा सेकंदांहूनही कमी असतं, म्हणून ते शिरेत झटक्यात द्यावं लागतं. शिपायाला क्षणभर झोपवतं आणि लहरींचा गोल फेरा तुटतो.

नंतरच्या ईसीजीत डब्ल्यूपीडब्ल्यू निघालं, जन्मजात एक जादा वायर. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तिघांनी १९३० मध्ये वर्णन केलेलं. ज्यांना हे असेल त्यांनी आपल्या कागदपत्रांवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं, कारण अशा माणसाला ए-फिब झालं तर व्हेरापामिल किंवा डिगॉक्सिन घातक ठरू शकतं. ती औषधं शिपायाला अडवतात, आणि सगळा लोंढा त्या बिनशिपायाच्या दाराने खाली येतो. अ‍ॅब्लेशन केलं, दोन तासांत ती वायर जाळली. सहा वर्षं झाली, एकही गोळी नाही.

चांदणचुरा
गारवा, वाचताना माझेच ठोके वाढले.

माझी तक्रार उलटी आहे. मला ठोका चुकल्यासारखं होतं, मग एक जोरात आदळतो. दिवसातून शेकडो वेळा. चोवीस तासांचं हॉल्टर लावलं, १,९०० जादा ठोके निघाले. इको नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "औषध नको, झोप नीट घ्या." मला इतका राग आला! एकोणीसशे वेळा हृदय चुकतंय आणि हे म्हणतात झोप घ्या. लय सुधारायची औषधं असताना द्यायला काय हरकत आहे?

पारवा
चांदणचुरा, चोवीस तासांत हृदयाचे साधारण एक लाख ठोके पडतात. १,९०० म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. संख्या दहा टक्क्यांच्या वर, विशेषतः वीसच्या पुढे गेली तर हृदय थकायची भीती असते, तेव्हा उपचार करतात. आणि ठोका चुकत नाही तुमचा. एक ठोका लवकर पडतो, त्यानंतर विराम येतो, त्या विरामात जास्त रक्त भरतं, म्हणून पुढचा ठोका दणकन लागतो.

वाटसरू
चांदणचुरा, तुमच्या डॉक्टरांनी गोळी दिली नाही यामागे हृदयविकारशास्त्राने मोजलेली फार मोठी किंमत आहे. मी औषधशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी ही गोष्ट सांगताना माझा आवाज जड होतो.

१९८० च्या दशकात हे माहीत होतं की हार्ट अटॅकनंतर ज्यांना असे जादा ठोके पडतात, ते अचानक दगावण्याचं प्रमाण जास्त. तर्क सरळ होता: ठोके दाबा, माणूस वाचेल. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं जादा ठोके सुरेख दाबत, आणि भरपूर वापरली जात होती. मग कास्ट नावाची चाचणी झाली. आधी प्रत्येकाला औषध देऊन ठोके दबतात का ते पाहिलं, आणि ज्यांचे दबले त्यांनाच पुढे घेतलं. म्हणजे औषध ज्यांना "लागू पडलं" असेच लोक. अर्ध्यांना खरं औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी.

१९८९ मध्ये तो भाग थांबवावा लागला. औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ गेले होते, बिनऔषधी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ईसीजी सुंदर दिसत होता आणि माणसं जात होती. जे औषध हृदयाची एक बेलय थांबवतं, तेच जखमी हृदयात दुसरी, प्राणघातक बेलय पेटवू शकतं.

त्याआधी ही औषधं लिहून देणारे डॉक्टर काही निष्काळजी नव्हते. डोळ्यांपुढे पट्टी सुधारताना दिसत होती, कुणाला शंका येणार? चाचणी झाली म्हणून कळलं. फ्लेकेनाइड आजही वापरतात, चांगलंच औषध आहे, पण हृदयाची रचना निरोगी असलेल्यांसाठी. निवडक रुग्णांना तर ए-फिब सुरू झालं तेवढ्यापुरती एक मात्रा खिशात ठेवायला देतात, पहिली मात्रा देखरेखीखाली देऊन पाहिल्यावर.

चांदणचुरा
वाटसरू, शांत झाले. सुन्नही. झोपेचं मनावर घेते.

जुईली
अमिओडेरोनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. बाबांना अडीच वर्षं रोज २०० मिलिग्रॅम चालू होतं. ठोके उत्तम. मग कोरडा खोकला सुरू झाला. आधी संसर्ग म्हणून प्रतिजैविकं झाली, दोनदा. जिना चढेना तेव्हा छातीचा सीटी काढला आणि फुफ्फुसांवर औषधाचा परिणाम झाल्याचं कळलं. औषध बंद, स्टेरॉइड सुरू. पण अमिओडेरोन चरबीत मुरून बसतं, ते शरीरातून अर्धं जायला सरासरी दोन महिन्यांच्या आसपास लागतात. बंद केल्यावरही आम्ही कित्येक आठवडे श्वास मोजत बसलो होतो. बाबा सावरले, पण पूर्वीसारखे चालत नाहीत.

खोकला आणि ही गोळी यांचा संबंध असू शकतो, हे आम्हाला एका शब्दानेही कुणी सांगितलं असतं तर चार महिने वाचले असते. माझा राग औषधावर नाही, त्या न सांगण्यावर आहे.

दवबिंदू
जुईली, पोटात गोळा आला. आता मलाच अमिओडेरोन द्यावंसं वाटत नाही आईला.

वाटसरू
दवबिंदू, घाबरून बंद करू नका, प्रश्न लिहून न्या. लयीच्या औषधांत अमिओडेरोनइतकं परिणामकारक दुसरं क्वचितच, आणि कमजोर हृदयातही ते देता येतं, म्हणून डॉक्टरांना त्याच्याकडे वळावं लागतं. पण फुफ्फुसाचा त्रास बहुधा जास्त मात्रा आणि लांबलेला काळ यांच्याशी जोडलेला असतो. "किती महिने द्यायचं ठरवलंय?" हा पहिला प्रश्न.

दुसरा, तपासण्यांचा. या औषधाच्या वजनात ३७ टक्के आयोडीन आहे. २०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज ०.१५ मिलिग्रॅम. सगळं मोकळं होत नाही, पण जेवढं होतं तेही गरजेच्या कितीतरी पट. म्हणून थायरॉइड एकतर मंदावतो किंवा भडकतो. थायरॉइड आणि यकृताची रक्तचाचणी सुरुवातीला आणि मग दर सहा महिन्यांनी, छातीचा एक्स-रे सुरुवातीला हवाच. उन्हात त्वचा भाजते, अंग झाकून निघायचं. नवा खोकला किंवा दम लागला तर भेटीची वाट पाहायची नाही.

निरभ्र
यात माझी भर. मी सोटॅलॉलवर आहे, तेही लयीचंच औषध. ते सुरू करताना मला तीन दिवस दाखल करून रोज ईसीजी काढत होते, पट्टीवरचं क्यूटी नावाचं अंतर फार लांबत नाही ना हे पाहायला, कारण ते लांबलं तर घातक बेलय होऊ शकते. तेव्हा वाटलं, एका गोळीसाठी केवढा हा थाट. मागच्या वर्षी घसा दुखला म्हणून दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो, तिथे अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहून दिलं. औषधं देणाऱ्या मुलीने माझी चालू औषधं विचारली आणि म्हणाली, "थांबा, ही दोन्ही क्यूटी लांबवतात, डॉक्टरांना फोन करते." त्या मुलीने मला वाचवलं असं मी मानतो. काही प्रतिजैविकं, उलटीची ऑन्डॅनसेट्रॉन, काही मानसिक आजारांची औषधं, सगळी त्या यादीत येतात. जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरलं तर धोका आणखी.

चालू औषधांची चिठ्ठी पाकिटात ठेवा. दातांच्या डॉक्टरांनाही दाखवा. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनीही धडधड सुरू होऊ शकते. आणि मेटोप्रोलॉल एकदम सोडायचं नाही, ठोके आणि रक्तदाब उसळतात. बंद करायचं तर पायरीपायरीने, डॉक्टर सांगतील तसं.

अनुस्वार
जरा अवांतर, पण लयीच्या औषधांपैकी एक तर रुग्णानेच शोधून दिलं आहे. १९१२ मध्ये वेंकेबाख या डॉक्टरांकडे एक डच व्यापारी आला, नाडी बेलय. वेंकेबाख म्हणाले, यावर उपाय नाही. व्यापारी म्हणाला, मी उद्या सकाळी नियमित नाडी घेऊन येतो. आणि आला! त्याने क्विनीन घेतलं होतं, हिवतापाचं. पुढे १९१८ मध्ये फ्राय यांनी त्याच सिंकोना झाडाच्या सालीतलं क्विनिडीन जास्त गुणकारी असल्याचं दाखवलं.

डिगॉक्सिनही झाडातूनच आलेलं, फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाच्या कुळातलं. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये त्यावर लिहिलं, उलट्या होणं, वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसणं हे जादा मात्रेचे परिणामही नोंदवले. माझ्या आजीला भिंती पिवळ्या दिसायला लागल्या तेव्हा घरच्यांनी मोतीबिंदू ठरवला होता. रक्ततपासणीत डिगॉक्सिन वाढलेलं निघालं, कारण मूत्रपिंडं थकली होती आणि मात्रा तीच होती. अमिओडेरोन सुरू केल्यावरही डिगॉक्सिनची रक्तातली पातळी वाढते, मात्रा साधारण निम्मी करावी लागते.

शुक्रतारा
हृदय मंद असेल तर? सासऱ्यांचे ठोके ३४ आहेत, पेसमेकर सांगितलाय आणि ते तयार नाहीत. गोळीने नाही का वाढत?

पारवा
आधी गती कमी करणारी एखादी गोळी चालू नाही ना, हे डॉक्टर पाहतीलच. तसं नसेल आणि वायरिंगच बिघडलं असेल तर कायम घ्यायची भरवशाची गोळी नाही, पेसमेकरच. सासऱ्यांना आर्ने लार्सन यांची गोष्ट सांगा. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये जगातला पहिला पूर्णपणे शरीरात बसवलेला पेसमेकर त्यांच्यात घातला. पहिलं यंत्र काही तासच चाललं. पुढे वीसहून जास्त बदलले, आणि ते २००१ पर्यंत जगले, वय ८६. त्यांच्यात यंत्र बसवणारे डॉक्टर आणि ते बनवणारे अभियंता, दोघांच्याही मागे राहिले.

शुक्रतारा
आजच सांगते. सासरे घड्याळं दुरुस्त करायचे, वीस यंत्रांचं ऐकून त्यांना त्या माणसाबद्दल आपुलकी वाटेल.

दवबिंदू
भेट झाली. सगळ्यांना सांगायचं कबूल केलं होतं.

मेटोप्रोलॉल चालू. अमिओडेरोन आणखी सहा आठवडे, मग बंद करून हॉल्टर लावायचं, आणि ए-फिब परत आलंच तर अ‍ॅब्लेशनचा विचार करू म्हणाले. थायरॉइड आणि यकृताच्या चाचण्यांच्या तारखा लिहून दिल्या. जुईली, खोकल्याचं मी विचारलं. त्यांनी ते केसपेपरवर लाल शाईने लिहिलं. तुझ्या बाबांमुळे.

अपिक्साबान चालू. हिमोग्लोबिन १२.४, क्रिएटिनिन ०.९. मावशीचं म्हणणं होतं की ५ ची अर्धी करून द्यावी, म्हणजे डाग कमी पडतील. डॉक्टर म्हणाले, मात्रा कमी करायला तीन निकष आहेत: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. त्यांतले दोन जुळावे लागतात, आईचा एकही जुळत नाही. आपल्या मनाने अर्धी केली तर रक्तस्रावाची भीती उरते आणि संरक्षण मात्र कमी होतं. दंतवैद्यांनी दात साफ केले, रक्त जवळपास थांबलं आहे. ती जोरात घोरते हे मी सहज बोलले, तर त्यांनी लगेच झोपेची तपासणी सांगितली. झोपेत श्वास अडत असेल तर ए-फिब परतायला ते मोठं कारण ठरतं म्हणे.

अफर्मची गोष्ट आईने स्वतः डॉक्टरांना विचारली. "ज्यांनी गोळी सोडली त्यांनाच स्ट्रोक आले, हे खरं का?" ते दोन मिनिटं खुर्चीत मागे टेकून तिच्याशी बोलले. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "आता कळलं. आधीच सांगायचं ना."

पिंपळपान
आईंना नमस्कार सांगा.

आडवाटेने
आमचीही भेट झाली. वडिलांचं अ‍ॅस्पिरिन बंद, अपिक्साबान सुरू. त्यांचे गुण चार निघाले. पिंपळपान, आभार.

दवबिंदू
आई शेजारी बसली आहे आणि तिचा एक प्रश्न आहे. सकाळची अपिक्साबान विसरली आणि दुपारी तीनला आठवली तर?

पारवा
हे औषधाच्या माहितीपत्रकातच आहे, म्हणून सांगतो. आठवल्याबरोबर घ्यायची आणि संध्याकाळची नेहमीच्या वेळी. भरपाई म्हणून दोन एकदम कधीही नाही.

दवबिंदू
सांगितलं. तिने वहीत उतरवून घेतलं, वर तारीख घालून. आणि उशीचा अभ्रा स्वतः धुवायला टाकलाय.